पट्टी चांगल्या डोळ्याला

प्रिय मामाजी,

जयभीम.

यवतमाळच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून लिहिते आहे. तुमचाच तो बाक, कूलरसमोरचा. तुम्ही कूलरकडे पाठ करून बसायचात आणि शेजारच्या म्हाताऱ्यांना त्यांच्या मोतीबिंदूबद्दल न विचारता सल्ले द्यायचात. आज तुमच्या जागेवर मी आहे. मैत्री माझ्या मांडीवर डोकं टेकून झोपेचं सोंग करते आहे. झोपलेल्या पोरीला कोणी तपासायला आत नेत नाही, असा तिचा हिशोब. शेवटी नात कोणाची?

सासऱ्याला पत्र लिहिणारी सून तुम्ही पाहिली नसेल, मीही पाहिली नाही. पण आत गेल्यावर मला मॅडमना एक प्रश्न विचारायचा आहे आणि तो माझा नाही, तुमचा आहे. तुम्ही तो मला बसमध्ये विचारला होता आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले होते. आज तो विचारल्याशिवाय नेरला परत जायचं नाही असं ठरवून आले आहे, आणि आता धीर होत नाही. म्हणून ही वही काढली.

मागच्या तपासणीला मॅडमनी स्पष्टच सांगितलं होतं. पोरगी सहा वर्षांची झाली. सात-आठ वर्षांपर्यंतच मेंदू डोळ्याकडून बघायला शिकतो, त्यानंतर शिकत नाही. पुढच्या वेळी डाव्या डोळ्यात काही फरक दिसला नाही, तर उजव्या डोळ्यावरच्या पट्टीचा जाच थांबवू. म्हणजे तो डोळा चेहऱ्यावर राहील, पण नुसता राहील. ती पुढची वेळ आज आहे, मामाजी. आणि भीमजयंतीपासून घरात पट्टी बंद आहे.

सकाळी निघताना तुमचा विजय जीपच्या काचा पुसता पुसता म्हणाला, "डॉक्टरीणबाईले सांगू नको पट्टी बंद हाय म्हून. कायले बोलणी खातं?" दारव्ह्याच्या चार सवाऱ्या बसल्या तसा निघून गेला. घाबरला की तो गाडी काढतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी काय करावं? तुम्ही असता तर काय केलं असतं? तुम्ही तर सगळं सांगून टाकलं असतं, शिवाय त्या डोळ्याबद्दल मॅडमनाच चार गोष्टी शिकवल्या असत्या.

त्या डोळ्यातला डाग पहिल्यांदा तुम्हीच पाहिला होता. अंगणात तिला उन्हात धरून तुम्ही माझ्या नावानं हाक मारलीत. "इच्या बुबुळात पाह्य. दह्याचा थेंब पडल्यासारखं दिसून राह्यलं." मी म्हटलं, ऊन चमकत असेल. तुम्ही म्हणालात, "काट्यावरचा मापारी होतो मी. एवढंसं पांढरं मले दिसते." आणि खरंच निघालं. तीन वर्षांच्या पोरीला मोतीबिंदू! आळीतल्या बाया म्हणाल्या, हा तर म्हाताऱ्यांचा आजार, पोरीला कसा होईल? नागपूरला ऑपरेशन करायचं म्हटल्यावर विजय महिनाभर चुळबुळत राहिला. तुम्ही मात्र आपल्या उजव्या डोळ्याची खालची पापणी ओढून त्याला दाखवलीत आणि म्हणालात, "शिबिरात पाच मिनिटात भिंग बशिवलं. मले काही झालं? मंग?"

मैत्रीच्या डोळ्यात भिंग बसलं. तरी पुढं जाड चष्मा आला, तेव्हा तुम्ही मॅडमना विचारलंतच की आत भिंग टाकलं तर बाहेर पुन्हा काच कशाला. त्यांनी छान सांगितलं होतं. लहान मुलाला चप्पल घेताना आपण वाढत्या मापाची घेतो, तसं हे भिंगही पुढच्या मापाचं आहे, कारण डोळा वाढणार आणि भिंग वाढणार नाही. तोवर मधली कमी चष्म्यानं भरायची. शिवाय तिचं बुबुळ पुरतं गोल नाही, एका अंगानं चपटं आहे, म्हणून उभ्या रेघा नीट दिसतात आणि आडव्या पुसट होतात. त्यासाठी चष्म्यात तिरपा नंबर. तुम्ही मान डोलावलीत. सगळं समजल्यावर तुम्ही जशी डोलवायचात तशीच.

मग मॅडम पट्टीबद्दल बोलल्या. चांगला डोळा झाकायचा, म्हणजे नव्या भिंगाचा डोळा कामाला लागेल. रोज सकाळी काही तास. तुम्ही तेव्हाही मान डोलावलीत, मामाजी. तिथंच मला संशय यायला हवा होता.

सकाळी मी कॉन्व्हेंटमध्ये पोरांना शिकवायला निघण्याआधी मैत्रीच्या उजव्या डोळ्याला पट्टी चिकटवून जायची. पहिले काही दिवस ती किंचाळायची, भिंतीला धडकायची, पट्टी ओरबाडायची. नंतर एकाएकी शांत झाली. दुपारी घरी यावं तर पट्टी जागेवर आणि पोरगी हसत. मी सगळ्यांना सांगत सुटले की मामाजींच्या हाताखाली पोर किती वळणावर आली. पट्ट्यांचं पाकीट लवकर संपायचं, तेव्हा वाटायचं, घामानं सुटत असतील.

आठवडी बाजाराच्या दिवशी शाळा लवकर सुटली आणि मी तुम्हाला पकडलं. ओसरीवर दोघं बसला होतात, मैत्री चित्राचं पुस्तक चाळत होती आणि पट्टी डाव्या डोळ्यावर होती. ऑपरेशनच्या डोळ्यावर! तुम्ही तिच्या कपाळाला ओला रुमालसुद्धा लावला होतात. वर मलाच म्हणालात, "बोंबलू नको. ऑपरेशनच्या डोयाले हवा लागू देऊ नये, धूर लागू देऊ नये, झाकून ठेवावं. मले शिबिरात सांगतलं होतं. थे डॉक्टरीण नवी हाय, उलटं बोलली असन. तू भांडशीन म्हून तू घरी यायच्या आधी पट्टी बदलून टाकत होतो."

किती दिवस? मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "पह्यल्या पंधरवड्यापासून."

अख्खा पावसाळा, मामाजी. अख्खा पावसाळा तुम्ही तो डोळा जिवापाड जपलात, आणि तो जपण्यानंच आणखी आळशी होत गेला. मला सांगा, मी रागावायचं तरी कसं? ज्या म्हाताऱ्यानं शिबिरातून हिरवी पट्टी बांधून घरी येऊन महिनाभर डोक्यावरून पाणी घेतलं नाही, चुलीसमोर बसला नाही, त्याला दुखरा डोळा उघडा टाकून धड डोळा झाकायचा हे कधी पटणार होतं? आपल्या गावात ज्यानं ज्यानं मोतीबिंदू काढला, त्यानं असंच केलं असतं. हे सगळं मला आज कळतं. त्या दिवशी फक्त राग होता. अजूनही थोडा आहे, लपवत नाही.

दुसऱ्याच दिवशी तुम्हाला घेऊन इथं आले. मी मॅडमना सांगितलं, तुम्ही आत आला नाहीत. याच बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसून राहिलात. मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, घरोघरी असं होतं, आजोबांना त्यांची पट्टी आठवते. परत येताना बसमध्ये तुम्ही टोपी चाचपत बसला होतात. मग हळूच विचारलंत, "संगीता, खरं सांग. माह्यामुळं घट किती आली?"

बाजार समितीच्या काट्यावर जन्म घालवलेल्या माणसाचा प्रश्न. कापूस वाळला की वजनात घट येते, आणि मापाऱ्याला ती सांगावी लागते. पोरीच्या नजरेतली घट मला कुठून सांगता येणार होती? मी बाहेर बघत राहिले. तुम्ही पुन्हा विचारलं नाही, कधीच.

त्याऐवजी काय केलंत? दुसऱ्या सकाळी मैत्रीनं पट्टीसाठी थयथयाट सुरू केला, तशी तुम्ही पाकिटातली एक पट्टी काढून स्वतःच्या उजव्या डोळ्याला चिकटवलीत. चांगल्या डोळ्याला. डाव्यात तर तुमचा मोतीबिंदू पिकत आलेला, शिबिरवाले मागे लागले तरी "एकानं भागते" म्हणून तुम्ही काढू दिला नव्हता. तेव्हा तुम्हाला समोरचं माणूससुद्धा धुरातल्यासारखं दिसत असणार. "आता आपून दोघं बी एकडोळे," तुम्ही म्हणालात. "चाल, तूर निवडू. मले दिसत नाही. गोटा कोनता अन् डाळ कोनती, थे तू सांगजो."

आणि ती सांगू लागली. "आबा, थे गोटा हाय. आबा, थे नका घेऊ. आबा, अळी!" मॅडम म्हणाल्या होत्या, जवळचं बारीक काम द्या. मी रंग आणले, मणी आणले, त्यांना तिनं हात लावला नाही. तुमच्यासाठी मात्र ती सुपाला नाक लावून बसायची, कारण तुम्हाला खरंच दिसत नव्हतं आणि पोरांना खोटं लगेच कळतं. त्या दिवसांत वरणात खडे यायचे. विजयच्या दाताचा तुकडा पडला, तरी कोणी तुम्हाला काही बोललं नाही. वर्षभर तुम्ही रोज सकाळी असे अंधारात बसलात. एकदा ओसरीवरून पडून गुडघा फोडून घेतलात, तरी पट्टी काढली नाहीत. का म्हणून विचारलं, तर म्हणालात, "पोरगी पाह्यत होती."

मग त्या हिवाळ्यातल्या सकाळी तुम्ही चहा मागितलात आणि चहा उकळेपर्यंत गेलात. एवढी घाई कशाची होती? पट्टीची वेळसुद्धा व्हायची होती.

तुमचा फोटो आम्ही भिंतीवर लावला, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या खाली, तुम्हाला आवडला असता तसा. टोपी घातलेला, दोन्ही डोळे उघडे. दोनतीन दिवसांनी सकाळी मैत्री स्टुलावर चढलेली दिसली. फोटोच्या काचेवर तुमच्या उजव्या डोळ्यावर तिनं पट्टी चिकटवली होती. उतरली आणि माझ्यापुढं तोंड करून उभी राहिली, म्हणाली, "आबाची झाली. आता माही." मी लावली. दुपारी ती आधी तुमची काढायची, मग स्वतःची. असं जयंतीपर्यंत चाललं.

जयंतीला लताताई दिग्रसहून आल्या. तुमची लेक, तुमच्या अंत्यविधीनंतर पहिल्यांदाच माहेरी आलेली. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. मेणबत्त्या लावायला गेल्या आणि बापाच्या डोळ्यावर चिकटपट्टी बघून जागीच उभ्या राहिल्या. "माह्या बापाच्या तोंडाले हे काय लावलं? लोक काय म्हणतीन?" म्हणत त्यांनी ती नखानं ओढून काढली आणि पदरानं काच पुसली. रडत होत्या हो. त्यांना मी काय समजावणार होते, आणि त्या गर्दीत? मैत्री दारात उभी होती. तिनं स्वतःच्या डोळ्यावरची पट्टीही काढली, मुठीत चुरगाळली आणि बाहेर पळाली. तेव्हापासून आजपर्यंत लावून घेतली नाही. धाक दाखवला, चॉकलेट दिलं, हातपायसुद्धा धरून पाहिले. एकच ऐकायचं, "आबा नाही तं मी नाही."

नाव पुकारलं. येते.

*

मामाजी, पुन्हा त्याच बाकावर बसले आहे. सविस्तर सांगते, गडबड करू नका.

आत गेल्या गेल्या मी सांगून टाकलं की पट्टी बंद आहे आणि का बंद आहे. विजयचं ऐकलं नाही. मॅडमनी ओठ आवळले. म्हणाल्या, बघू या, पण डावा डोळा तपासायचा तर उजवा पक्का झाकावा लागेल, हातानं झाकला तर मुलं बोटांतून बघतात. त्यांनी नवी पट्टी काढली आणि मैत्री टेबलाखाली शिरली. तिथं पाय धरून बसली. बाहेर रांग होती. मॅडमनी घड्याळाकडं पाहिलं. म्हणाल्या, "ताई, असं असेल तर मी आज काहीच सांगू शकणार नाही." पुढची वेळ कधी मिळणार? आणि मधले महिने?

काय सुचलं कोण जाणे, मी मोबाइल काढला. तुमचा तोच टोपीवाला फोटो त्यात आहे. दोन बोटांनी मोठा केला आणि टेबलाखाली धरला. मैत्रीनं बराच वेळ बघितलं. मग हात बाहेर आला. "आबाले लाव पयले."

मॅडमनी कागद सोलून पट्टी तिच्या हातात दिली. तिनं मोबाइलच्या काचेवर तुमचा उजवा डोळा नीट शोधला आणि पट्टी दाबून बसवली. तुमचं निम्मं तोंड झाकलं. मग ती टेबलाखालून निघाली, खुर्चीवर चढली आणि चेहरा वर केला.

समोरच्या फळीवर उलटीसुलटी टेबलांची चित्रं होती, पाय कोणीकडे ते हातानं दाखवायचं. पहिली ओळ दाखवली. दुसरी दाखवली. तिसरीला चुकली, पुन्हा चुकली. मोबाइल मी छातीशी धरला होता. मॅडमनी जाड चष्म्याच्या सांगाड्यात एक काच घातली आणि ती हळूहळू फिरवू लागल्या, तो तिरपा नंबर शोधत. "आता बरं दिसतं की मघाशी? आता?" मैत्री श्वास धरून बसली होती. लताताई सांगतात, गाडी काट्यावर चढली की काटा थांबेपर्यंत तुम्ही असाच श्वास धरायचात. काच एका जागी आली आणि ती म्हणाली, "थांबवा. आता सरकं झालं, सरळ दिसते." आणि तिनं तिसरी ओळ दाखवली. मग चौथीतली दोन टेबलं. मॅडमनी पट्टीच्या कडा दाबून पाहिल्या, कुठून फट तर नाही ना. नव्हती. पुन्हा विचारलं, पुन्हा बरोबर.

मग मी तुमचा प्रश्न विचारला. त्या पावसाळ्यात पट्टी उलटी लागली, त्यानं घट किती आली? "घट"च म्हणाले मी, दुसरा शब्द तोंडात आला नाही.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "ते वेगळं काढून मोजता येत नाही, ताई. काही पट्टीमुळं गेलं असेल, काही मोतीबिंदू कधीपासून होता त्यामुळं, काही बुबुळाच्या ठेवणीमुळं. खालच्या ओळी तिला कदाचित कधीच वाचता येणार नाहीत. पण मागच्या वेळी ती दुसऱ्या ओळीवर अडली होती. आज चौथीत आहे. चष्मा बदलू आणि पट्टी चालू ठेवू. अजून वेळ आहे."

हे तुमचं उत्तर, मामाजी. तुमच्यामुळं घट आली नाही असं मी म्हणणार नाही, तुम्हाला खोटं वजन कधी खपलं नाही. आली असेल. पण चौथ्या ओळीतली ती दोन टेबलं सुपातल्या डाळीतून आली आहेत, हेही मी पाहिलं आहे. बसमध्ये मी हे बोलले असते तर बरं झालं असतं, पण तेव्हा ही टेबलं कुठं होती?

बाहेर येताच लताताईंना फोन लावला. टेबलाखालचं सगळं सांगितलं. तुम्ही पट्टी लावून तिच्यासोबत तूर निवडायचात, तेही सांगितलं. मग म्हणाल्या, "बापू आंधळा बसत होता पोरीसाठी? मले काहून नाही सांगतलं कोनी?" आणि नंतर, "लाव वहिनी. माह्यासमोर बी लाव."

तेव्हा उद्या सकाळी शाळेला निघण्याआधी मी स्टूल तुमच्या भिंतीखाली नेऊन ठेवीन. मैत्री चढेल, मी तिचे पाय धरीन. पाहुणे असोत, जयंती असो, लग्न असो, तिला ही चौथी ओळ पूर्ण करता येईपर्यंत आणि त्यापुढंही मॅडम म्हणतील तोवर, रोज सकाळी पहिली पट्टी तुम्हाला लागेल. दुपारी मी ती काढीन, म्हणजे तुम्हालाही जरा बघता येईल. आणि काळजी करू नका. लावण्याआधी डोळा कोणता, ते मी पोरीला विचारून घेईन.

तुमची सून,
संगीता

ता.क. ती आता खरंच झोपली आहे. मोबाइलवरची पट्टी काढू देत नाही, त्यामुळं विजयचा फोन आला तरी नाव दिसत नाही. बसमध्येही तुम्ही असेच यायचे आहात.